गोजिरा (१९५४) आणि जपानमधली अणुभीती

गोजिरा हा तोहो कंपनीचा कृष्णधवल जपानी चित्रपट, दिग्दर्शक इशिरो होंडा, लांबी ९६ मिनिटं, जपानभर प्रदर्शित झाला तो ३ नोव्हेंबर १९५४ ला. त्यातला, हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनी जागा झालेला समुद्रराक्षस आपल्याकडे गॉडझिला म्हणून माहीत आहे. विज्ञानपटात त्या त्या काळातली भीती कशी उतरते हे सांगताना याचं उदाहरण हमखास दिलं जातं, पण बहुतेक वेळा "राक्षस म्हणजे अणुबॉम्ब" एवढ्यावरच विषय संपतो. ते चूक नाही, अपुरं आहे. १९४५ ची भीती आकाशातून पडणाऱ्या बॉम्बची होती. १९५४ ची भीती बाजारातून आणलेल्या माशाची आणि अंगावर पडणाऱ्या पावसाची होती, आणि हा सिनेमा त्या दुसऱ्या भीतीतून जन्माला आलाय.

नाव

मराठीत गोजिरा म्हटलं की बाळ डोळ्यासमोर येतं, तसा या शब्दाशी काही संबंध नाही. जपानी नाव गोरिरा (गोरिला) आणि कुजिरा (देवमासा) या दोन शब्दांच्या जोडातून आलं हे आता जवळपास सगळे मान्य करतात. वाद आहे तो हा जोड कुणी केला यावर. तोहो स्टुडिओत एक आडदांड कामगार होता, त्याला सगळे याच टोपणनावाने हाक मारायचे आणि तेच नाव राक्षसाला दिलं, ही गोष्ट खूप पसरलेली आहे. पण त्या माणसाची ओळख कधीच नीट पटलेली नाही आणि होंडांच्या पत्नी किमी यांनीही पुढे ही गोष्ट खरी मानली नाही. त्यामुळे नाव निर्मात्या मंडळींच्या चर्चेतून ठरलं असावं आणि कामगाराची कथा मागाहून जोडली गेली असावी, हे जास्त पटतं. सिनेमात मात्र ओदो नावाच्या काल्पनिक बेटावरचा एक म्हातारा सांगतो की हे जुन्या दंतकथेतल्या समुद्रराक्षसाचं नाव आहे, पूर्वी मासे मिळेनासे झाले की त्याला मुलीचा बळी देत. गॉडझिला हे रूप अमेरिकन वितरकांनी बनवलं असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं, पण परदेशी विक्रीसाठी तोहोनेच ते आधी वापरलं असावं याकडे अलीकडचा कल आहे.

ब्राव्हो चाचणी आणि बोट

१ मार्च १९५४ ला पहाटे अमेरिकेने पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी प्रवाळद्वीपावर ब्राव्हो नावाची हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. अंदाज ६ मेगाटनच्या आसपासचा होता, स्फोट झाला १५ मेगाटनचा, म्हणजे हिरोशिमाच्या सुमारे हजारपट. कारण तांत्रिक आहे पण समजून घेण्यासारखं आहे: बॉम्बच्या इंधनात लिथियमची दोन समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याची वेगवेगळ्या वजनाची रूपं) होती, त्यातलं लिथियम-६ तेवढं कामाचं आणि लिथियम-७ नुसतं पडून राहील असं शास्त्रज्ञांनी धरलं होतं, प्रत्यक्षात त्यातूनही ट्रिटियम (स्फोटाला बळ देणारा जड हायड्रोजन) तयार झालं आणि हिशेबच कोलमडला. प्रवाळाचा चुरा होऊन आकाशात उडाला आणि वाऱ्याबरोबर पूर्वेकडे गेला.

तिथे दाइगो फुकुर्यु मारू, म्हणजे 'भाग्यवान ड्रॅगन क्र. ५', ही ट्यूना पकडणारी बोट होती, २३ जण, आणि ती जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर होती. आधी पश्चिमेला उजाडल्यासारखा प्रकाश दिसला, काही मिनिटांनी आवाज आला, आणि एक-दोन तासांनी पांढरी राख पडायला लागली ती कित्येक तास पडत राहिली. खलाशांनी ती हातांनी झाडून काढली. जपानी वर्तमानपत्रांनी नंतर तिला 'मृत्यूची राख' म्हटलं. १४ मार्चला बोट शिझुओका प्रांतातल्या याइझू बंदरात परतली, १६ मार्चला योमिउरी शिंबुन या वर्तमानपत्राने बातमी फोडली आणि तोवर बोटीवरचा काही माल बाजारात गेलाही होता. मग इतर बोटींचे मासेही गायगर काउंटरने, म्हणजे किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राने, तपासायला लागले, कितीतरी माल गाडून किंवा समुद्रात टाकून द्यावा लागला, लोकांनी मासे घ्यायचेच बंद केले आणि 'अणुट्यूना' हा शब्द रोजच्या बोलण्यात आला. मे महिन्यात जपानवर पडलेल्या पावसात किरणोत्सार सापडला. टोकियोच्या सुगिनामी वॉर्डातून, मुख्यतः बायकांच्या पुढाकाराने, हायड्रोजन बॉम्बविरुद्ध सह्यांची मोहीम सुरू झाली आणि १९५५ पर्यंत सह्या ३ कोटींच्या वर गेल्या. बोटीवरचे रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबर १९५४ ला वारले, तेव्हा गोजिराचं शूटिंग चालू होतं.

आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९४५ ते १९५२ जपान अमेरिकेच्या ताब्यात होता आणि अणुबॉम्बच्या परिणामांबद्दल छापण्यावर सेन्सॉरशिप होती. हिरोशिमा-नागासाकीचे फोटो सामान्य वाचकाला मोठ्या प्रमाणात दिसले ते ऑगस्ट १९५२ मध्ये, आसाही ग्राफ या सचित्र नियतकालिकाच्या अंकात. म्हणजे सात वर्षं दाबून ठेवलेली जखम नुकतीच उघडी पडली होती आणि तेवढ्यात वरून ही राख पडली.

निर्मिती

निर्माते तोमोयुकी तानाका यांचा इंडोनेशियात करायचा एक सिनेमा व्हिसाच्या अडचणीमुळे रद्द झाला आणि ती जागा भरायला काहीतरी हवं होतं. परतीच्या विमानातून खाली समुद्र बघताना कल्पना सुचली असं ते सांगत, त्याची शहानिशा होण्यासारखी नाही. १९५२ मध्ये पुन्हा प्रदर्शित झालेला किंग काँग आणि अणुचाचणीने जागा झालेला प्राणी दाखवणारा १९५३ चा एक अमेरिकन सिनेमा, या दोन्हींचा प्रभाव मात्र उघड आहे. मूळ कथा शिगेरू कायामांची, पटकथा ताकेओ मुराता आणि होंडा यांची. होंडा स्वतः कित्येक वर्षं सैन्यात होते, युद्ध संपल्यावर चीनमधून परतताना १९४६ मध्ये हिरोशिमातून गेले आणि जे पाहिलं ते त्यांच्या मनातून गेलं नाही.

स्पेशल इफेक्ट्स एइजी त्सुबुराया यांचे. त्यांना आधी आठपायी राक्षस, म्हणजे ऑक्टोपस, हवा होता. शेवटी राक्षसाच्या पोशाखात माणूस घालायचं ठरलं, तो म्हणजे नट हारुओ नाकाजिमा. पहिला पोशाख १०० किलोच्या आसपास भरला आणि त्यात धड चालताही येईना. एका सुरुवातीच्या आराखड्यात राक्षसाचं डोकं अणुस्फोटाच्या छत्रीसारख्या ढगाच्या आकाराचं होतं, तो सोडून दिला. कातडी बॉम्बमधून वाचलेल्यांच्या भाजल्याच्या व्रणांवरून घेतली असं नेहमी वाचायला मिळतं. दिसायला तशी ती दिसते यात शंका नाही, पण बनवणाऱ्यांनी मगरीच्या पाठीसकट दोनतीन नमुने करून पाहिले होते, त्यामुळे सुरुवातीपासून हाच हेतू होता असं ठामपणे म्हणू नये. डरकाळी संगीतकार अकिरा इफुकुबे यांची: काँट्राबास या मोठ्या तंतुवाद्याची तार सैल करून तिच्यावरून राळ लावलेला चामडी हातमोजा ओढला. पावलांच्या आवाजाबद्दल मात्र एकमत नाही, कुणी गाठी मारलेल्या दोराने ढोल बडवला असं सांगतं तर कुणी अँप्लिफायरचा खोका.

भीती पडद्यावर

पहिलाच प्रसंग बघा. बोटीवर खलाशी निवांत बसलेत, वाजवणं चाललंय, समुद्र पांढऱ्या प्रकाशाने उजळतो आणि बोट पेटते. नोव्हेंबर १९५४ च्या जपानी प्रेक्षकाला हे कुठून आलं ते सांगायची गरजच नव्हती. पुढे लोकलमधले प्रवासी अणुट्यूना, किरणोत्सारी पाऊस आणि आता वर गोजिरा असं बोलतात, त्यातली एक तरुणी म्हणते की नागासाकीतून वाचले ती यासाठी का. सिनेमातले शास्त्रज्ञ डॉ. यामाने राक्षसाकडून आलेल्या वाळूत अणुस्फोटातून तयार होणारं किरणोत्सारी स्ट्राँशियम-९० सापडल्याचं सांगतात. (ज्युरासिक काळ वीस लाख वर्षांपूर्वीचा असंही ते सांगतात ती चूक आहे, तो सुमारे २० कोटी ते साडेचौदा कोटी वर्षांपूर्वीचा.) संसदेच्या समितीत एकजण म्हणतो की परराष्ट्र संबंध बिघडतील, बातमी दडवा, आणि महिला सदस्य उभ्या राहून ओरडतात की लोकांना खरं सांगा. टोकियो जळत असताना एक आई मुलांना जवळ घेऊन म्हणते, आता आपण बाबांकडे जाणार. बाबा कुठे गेले हे सिनेमा सांगत नाही, युद्धाला नऊच वर्षं झाली होती. दवाखान्यात वरकरणी धडधाकट दिसणाऱ्या लहान मुलासमोर गायगर काउंटर धरतात आणि तो वाजायला लागतो, डॉक्टर नुसती मान हलवतो. मला स्वतःला पूर्ण सिनेमातला सगळ्यात भीतीदायक क्षण हाच वाटतो, आणि त्यात राक्षस कुठेच नाही.

अर्थाबद्दल तीन मतं चालतात. एक, हा हायड्रोजन बॉम्बच. दोन, टोकियोवर १९४५ मध्ये झालेल्या आगबॉम्ब हल्ल्यांची ही आठवण. तीन, पॅसिफिकमध्ये मेलेल्या जपानी सैनिकांचे आत्मे परत आलेत, म्हणून राक्षस संसदभवन तोडतो पण सम्राटाच्या राजवाड्याला हात लावत नाही. तिसरं मत मोहात पाडणारं आहे, पण वरचे प्रसंग एकत्र ठेवले की पहिल्याच मताचं पारडं जड होतं, दुसरं त्याच्या पोटात बसतं. अमेरिकन लेखिका सुसान सोन्टॅग यांनी १९६५ च्या निबंधात असे सिनेमे विज्ञानाबद्दल नसून संकटाबद्दल असतात असं मांडलं, ते इथे अर्धंच लागू होतं, कारण सिनेमातले दुसरे शास्त्रज्ञ डॉ. सेरिझावा यांची सगळी घालमेल विज्ञानाबद्दलच आहे: राक्षसाला मारू शकणारं ऑक्सिजन नष्ट करणारं अस्त्र त्यांच्याकडे आहे, पण ते एकदा वापरलं की सरकारं त्याचं हत्यार करतील म्हणून ते कागद जाळतात आणि स्वतःही समुद्रातून वर येत नाहीत.

परदेशात आणि पुढे

१९५६ च्या अमेरिकन आवृत्तीत रेमंड बर यांचा पत्रकार घुसवला आणि नागासाकीचा उल्लेख, अणुट्यूना, शेवटी डॉ. यामाने देतात तो चाचण्यांबद्दलचा इशारा हे सगळं उडालं किंवा पातळ झालं. जगातल्या बऱ्याच प्रेक्षकांनी कित्येक वर्षं पाहिला तो हा सिनेमा. मूळ जपानी रूप अमेरिकेतल्या थिएटरांत व्यवस्थित लागलं ते २००४ मध्ये. १९९८ च्या अमेरिकन गॉडझिलात तर राक्षस फ्रान्सच्या चाचण्यांतून तयार होतो.

भारताचा या घटनाक्रमाशी एक थेट धागा आहे: ब्राव्होनंतर महिनाभरात, २ एप्रिल १९५४ ला, पंडित नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याच्या कराराची मागणी केली.

जपानमध्ये भीती बदलली तसा राक्षस बदलला. १९७१ मध्ये तो प्रदूषणातून आलेल्या हेदोराशी लढला (त्याच्या आदल्याच वर्षी जपानी संसदेने प्रदूषणाविरुद्ध १४ कायदे एका अधिवेशनात केले होते), १९८४ मध्ये शीतयुद्ध आलं, २०१६ च्या शिन गोजिरात मार्च २०११ ची त्सुनामी आणि फुकुशिमाची अणुदुर्घटना आली, तिथे राक्षसाइतक्याच सरकारी बैठका दिसतात. २०२३ चा 'गॉडझिला मायनस वन' मागे जाऊन युद्धानंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत घडतो, तिथे राक्षसाला मोठं करणारी चाचणी बिकिनीचीच आहे, पण १९४६ ची. राख पडलेली ती खरी बोट, दाइगो फुकुर्यु मारू, टोकियोच्या युमेनोशिमावर १९७६ पासून प्रदर्शनात उभी आहे.