खिलंजिया

खिलंजिया : ‘मूळचा’, ‘स्थानिक’ या अर्थाचा असमिया शब्द. आसामच्या राजकारणात तो राज्याच्या मूळ रहिवाशांसाठी वापरला जातो. मराठीतील ‘भूमिपुत्र’ त्याला जवळचा वाटला, तरी त्या शब्दाचा रोख मुख्यतः नोकऱ्या आणि परप्रांतीय यांवर असतो, तर खिलंजियाचा प्रश्न परकीय नागरिकांच्या शोधमोहिमेशी बांधलेला आहे.

केंद्रीय कायद्यात या संज्ञेची व्याख्या नाही. 13व्या शतकाच्या पूर्वार्धात (परंपरेनुसार 1228) अहोम राज्याचा संस्थापक सुकाफा याच्याबरोबर पाटकई डोंगररांगा ओलांडून आलेले अहोम खिलंजिया मानले जातात. 19व्या शतकात चहामळ्यांसाठी छोटा नागपूर व लगतच्या प्रदेशांतून आणलेल्या मजुरांच्या वंशजांबद्दल एकमत नाही. पूर्व बंगालमधून येऊन ब्रह्मपुत्रेच्या चरांवर (नदीतील गाळाच्या बेटांवर) वसलेल्या मुस्लिम शेतकऱ्यांपैकी अनेकांनी जनगणनेत असमिया ही मातृभाषा नोंदवली, तरीही त्यांना सहसा या संज्ञेबाहेर ठेवले जाते. जुलै 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने गोरिया, मोरिया, जोल्हा, देशी व सय्यद या पाच मुस्लिम गटांना मात्र मूळ रहिवासी म्हणून मान्यता दिली. त्यामुळे केवळ प्राचीनता किंवा केवळ भाषा हा निकष येथे पुरा पडत नाही, आणि संज्ञेला वांशिक मानण्यापेक्षा राजकीय-कायदेशीर मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

वादाचे मूळ केंद्र सरकार व परकीयविरोधी आसाम आंदोलनाचे नेते यांच्यात झालेल्या 15 ऑगस्ट 1985 च्या आसाम करारात आहे. त्याच्या 5व्या कलमाने परकीयांचा शोध व हकालपट्टी यांसाठी 25 मार्च 1971 ही मर्यादा घातली, तर 6व्या कलमाने ‘असमिया लोकां’च्या सांस्कृतिक, सामाजिक व भाषिक अस्मितेला घटनात्मक संरक्षण देण्याचे वचन दिले, हे लोक म्हणजे नेमके कोण, ते मात्र करारात सांगितलेले नाही. न्या. बिप्लव कुमार शर्मा समितीने 2020 च्या अहवालात त्यासाठी 1 जानेवारी 1951 ही आधारतारीख सुचवली. परिणामी नागरिकत्वाची रेषा 1971 ची आणि संरक्षणाची रेषा 1951 ची, अशी दुहेरी मांडणी पुढे आली; या दोन रेषांमधील नागरिक भारतीय खरे, पण प्रस्तावित संरक्षणाबाहेरचे ठरतात.

याच संदिग्धतेचा तांत्रिक आविष्कार राष्ट्रीय नागरिक नोंदवहीत (एनआरसी) दिसतो. नागरिकत्व नियम, 2003 मध्ये आसामपुरता 4अ हा नियम 2009 मध्ये घालण्यात आला. त्याच्या अनुसूचीतील परिच्छेद 3(3) नुसार राज्याचे ‘मूळ रहिवासी’ व त्यांचे वंशज यांचे नागरिकत्व नोंदणी अधिकाऱ्याच्या दृष्टीने निःसंशय असेल, तर त्यांची नावे समाविष्ट करायची होती. ‘मूळ रहिवासी’ कोणाला म्हणावे याची व्याख्या तेथेही नव्हती, म्हणजे व्यवहारात निर्णय अधिकाऱ्याच्या समाधानावर सोडला गेला. या तरतुदीमुळे नागरिकांचे दोन वर्ग पडतात, अशी हरकत सर्वोच्च न्यायालयापुढे आली. 5 डिसेंबर 2017 च्या निकालात न्यायालयाने नोंदवहीतील समावेशाची कसोटी नागरिकत्व हीच असल्याचे सांगून ही तरतूद पुराव्याची पद्धत काहीशी शिथिल करण्यापुरती मर्यादित मानली. समर्थक व विरोधक दोघेही या निकालाचा आधार घेत असले, तरी त्याचा शब्दशः अर्थ विरोधकांच्या भीतीपेक्षा बराच संकुचित आहे. 31 ऑगस्ट 2019 च्या अंतिम यादीत 3,30,27,661 अर्जदारांपैकी 19,06,657 वगळले गेले.

आसाम करारानुसार आसाममधील स्थलांतरितांच्या नागरिकत्वाची विशेष तरतूद करणाऱ्या, नागरिकत्व कायद्याच्या 6अ कलमाला दिलेल्या आव्हानात हाच प्रश्न बहुसांस्कृतिकतेच्या अंगाने उपस्थित झाला. स्थलांतरामुळे घटनेच्या 29व्या अनुच्छेदाने राखलेल्या संस्कृतीचा भंग होतो, असा याचिकाकर्त्यांचा युक्तिवाद होता. 17 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 4 विरुद्ध 1 अशा बहुमताने कलम वैध ठरवले. राज्यात निरनिराळे वांशिक गट असणे एवढ्यानेच त्या अनुच्छेदाचा भंग होत नाही, अशी बहुमताची भूमिका होती. न्या. पारडीवाला यांनी भिन्नमत नोंदवून हे कलम भविष्यलक्षी प्रभावाने अवैध ठरवले.