क्लोंडाइक खाणवस्त्यांतील स्त्रीजीवन
कॅनडाच्या वायव्येस युकॉन प्रदेशात क्लोंडाइक नदी व तिला मिळणारे ओढे यांच्या काठी १८९६ नंतर सोन्यासाठी वस्त्या उभ्या राहिल्या. त्यांतील स्त्रियांच्या रोजच्या जगण्याचा येथे विचार केला आहे. क्लोंडाइक व युकॉन या नद्यांच्या संगमावरील डॉसन हे या वस्त्यांचे मुख्य गाव. १८९८ मध्ये या भागातील स्त्रियांचे प्रमाण सुमारे ८ टक्के असावे. डॉसनमध्ये ते काहीसे अधिक होते.

सोने प्रथम कोणाला सापडले, याविषयी मतभेद आहेत. रॅबिट क्रीक (पुढे बोनान्झा) या ओढ्यावरील शोधाचा दिवस सामान्यतः १६ ऑगस्ट १८९६ मानतात. काही जण १७ ऑगस्ट धरतात. जॉर्ज कार्मॅकने शोधाचे श्रेय स्वतःकडे घेतले. त्याचा मेहुणा कीश (स्कूकम जिम) याच्या बाजूची हकिगत अशी, की सोने कीशला दिसले व त्या वेळी कार्मॅक झोपला होता. तिसऱ्या मतानुसार ते कार्मॅकची पत्नी केट हिला सापडले. केट टॅगिश जमातीची; तिचे मूळ नाव शाव त्ला. ती त्या दिवशी ओढ्यावर नसून नदीच्या मुखाजवळच्या मासेमारीच्या तळावर होती, असे अनेक अभ्यासक मानतात. कीशच्या बाजूची हकिगत अधिक संभाव्य वाटते. तथापि केटचा वाटा सोने दिसण्याच्या क्षणावरून मोजणे योग्य नाही. कीश हा तिचा भाऊ व डॉसन चार्ली हा भाचा. दोघे नदी उतरून आले ते तिच्याच शोधात. पहिल्या हिवाळ्यात पुरुष खणत असता रांधणे व धुणे तिच्याकडे होते. शिवाय कातड्याचे हातमोजे आणि पादत्राणे शिवून ती खाणकऱ्यांना विकत असे. १९०० मध्ये कार्मॅकने तिला सोडून दुसरे लग्न केले. आधीच्या विवाहाचा कागद नसल्यामुळे कॅलिफोर्नियातील घटस्फोटाच्या दाव्यातून तिच्या हाती काही लागले नाही. १९२० मध्ये युकॉनमधील कारक्रॉस येथे ती वारली. कॅनडाच्या खाणकाम गौरव-मंडळात कार्मॅक, कीश आणि चार्ली यांचा समावेश १९९९ मध्ये झाला, तिचा त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी.

बाहेरून येणाऱ्या बहुतेक स्त्रिया चिल्कूट खिंडीतून आल्या. अलास्कातील डाय्या ते कॅनडातील बेनेट सरोवर ही वाट सुमारे ५३ किमी. माणशी वर्षभराचे धान्य व सामान असल्याखेरीज पोलीस कॅनडाच्या हद्दीत सोडत नसत. हे ओझे जवळजवळ एक टन भरे आणि ते खेपा करून वर न्यावे लागे. घोट्यापर्यंतचे घागरे या चढावर अडचणीचे ठरत. म्हणून काहींनी ते आखूड केले. मार्था पर्डी (पुढे ब्लॅक) १८९८ मध्ये गरोदरपणात ही खिंड चढली. १८९९ च्या आरंभी डॉसनजवळच्या ओंडक्यांच्या खोपटात तिचे बाळंतपण झाले. १९३५ मध्ये ती कॅनडाच्या संसदेवर निवडून आली.

खोपटाच्या भिंतींतील फटी शेवाळाने बुजवत, छपरावर माती घालत. हिवाळ्यात पारा उणे ४० अंश सेल्सियसच्याही खाली उतरे. यीस्ट दुर्मिळ असल्याने पाव आंबवणावर होई, आणि ते गोठू नये म्हणून उबेत जपावे लागे. घरात विरजण राखण्यासारखेच हे काम, फक्त येथे ते चुकले तर हिवाळाभर पाव नाही. १८९४ मध्येच या प्रदेशात पोचलेल्या एमिली त्रांब्लेने छपरावरच्या मातीत भाजी लावली, तसेच नाताळच्या जेवणाची निमंत्रणे भूर्जाच्या सालीवर लिहिली. १८९७-९८ च्या टंचाईत अंड्याला डॉलर पडे. त्यामुळे शिजवलेले जेवण, धुतलेला सदरा व शिवलेला हातमोजा यांना सोन्याच्या धुळीत दाम मिळे. घरकाम येथे उघडपणे मोलाचे होते. खाणवस्तीच्या अर्थव्यवहाराच्या वर्णनात त्याला गौण स्थान देणे बरोबर नाही.

बेलिंडा मलरूनी १८९७ मध्ये रेशमी व सुती कापड आणि गरम पाण्याच्या रबरी पिशव्या घेऊन आली. बोनान्झा व एल्डोराडो या ओढ्यांच्या संगमावर तिने हॉटेल काढले. १८९८ मध्ये डॉसनचे फेअरव्ह्यू हॉटेल उघडले. सोनारांच्या दुकानांतली माती धुणाऱ्या आपल्याकडच्या झारेकऱ्यांप्रमाणे तीही हॉटेलातला केर धुऊन सोने काढी, असे सांगतात. खाण-परवाना अठरा वर्षांवरील स्त्रीलाही मिळू शके, आणि बेलिंडाच्या नावे खाणपट्टे होते.

१८९८ च्या उन्हाळ्यात विषमज्वराची साथ आली. फादर जज यांनी उभारलेल्या सेंट मेरी रुग्णालयात सेंट ॲन संघाच्या जोगिणींनी शुश्रूषा केली. त्याच वर्षी सैन्यतुकडीबरोबर चार प्रशिक्षित परिचारिका आल्या. नृत्यगृहांतील स्त्रियांविषयी बरेच लिहिले गेले आहे, पण ते बहुतांशी पुरुषांच्या आठवणींतून. वेश्यावस्ती १८९९ नंतर गावाबाहेर व पुढे नदीपलीकडे हलवण्यात आली.

क्लोंडाइक व युकॉन यांच्या संगमावरील मासेमारीची जागा पूर्वीपासून त्रॉन्डेक ह्वेचिन या मूळ रहिवासी लोकांची. सोन्याच्या गर्दीमुळे त्यांची कुटुंबे १८९७ च्या सुमारास प्रमुख आयझॅक यांच्या नेतृत्वाखाली नदीच्या खालच्या अंगास मूसहाइड येथे गेली.

१८९९ मध्ये अलास्कातील नोमच्या सोन्याची बातमी येताच हजारो लोकांनी डॉसन सोडले. मागे राहिलेल्यांत एमिली त्रांब्ले होती. पुढे तिने डॉसनमध्ये स्त्रियांच्या कपड्यांचे दुकान चालवले.