त्यागाचा आदेश आणि मठांची कोठारे

सार्वकालिक जीवन मिळवण्यासाठी काय करू, असे विचारायला एक श्रीमंत माणूस येशूकडे येतो. जवळ आहे ते विकून गोरगरिबांना दे आणि माझ्यामागे ये, हे उत्तर ऐकून तो खिन्न होतो आणि निघून जातो. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणे सोपे, हे प्रसिद्ध वचन बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानात याच प्रसंगाला जोडून येते. धनापेक्षा देव मोठा, याबद्दल ख्रिस्ती परंपरेत वाद नव्हताच. भांडण झाले ते हा आदेश कुणासाठी आणि किती शब्दशः घ्यायचा यावर.

यरुशलेममधल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत लोक जमिनी विकून पैसे प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांच्या, पायाशी ठेवत, असे बायबलमधले 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक सांगते. पण 200च्या सुमारास अलेक्झांड्रियात सधन लोकही मंडळीत होते. तिथल्या क्लेमेंट या ख्रिस्ती शिक्षकाने म्हटले, टाकायची ती हाव, संपत्ती नव्हे; कुणाकडेच काही उरले नाही तर भुकेल्याला घालणार कोण? अर्थ सोयीचा खरा, पण प्रश्न बिनतोड होता.

इजिप्तमधल्या अँथनीने मात्र श्रीमंत माणसाची तीच गोष्ट चर्चमध्ये ऐकली, वडिलोपार्जित जमीन देऊन टाकली आणि पुढे वाळवंट गाठले. 313मध्ये रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली. हळूहळू ख्रिस्ती असणे फायद्याचेही ठरू लागले आणि अँथनीच्या वाटेने जाणारे वाढले.

सहाव्या शतकात इटलीतल्या बेनेडिक्ट या साधूने मठांसाठी घालून दिलेल्या नियमांनुसार साधूला स्वतःची म्हणून लेखणीसुद्धा ठेवता येत नसे. पण मठाला जमीन चालत होती. दानाची भर, कष्टाची शेती आणि खर्च जवळपास नाहीच. मठ गबर होणारच होते. याला कंटाळून 1098मध्ये काही साधूंनी फ्रान्समध्ये सितो इथे साधा मठ उभारला. शंभर-दीडशे वर्षांत त्यांचेच पंथबंधू इंग्लंडमधले मोठे लोकर उत्पादक झाले होते.

असिसीचा फ्रान्सिस हा कापड व्यापाऱ्याचा मुलगा. त्याने नियमच केला की आपल्या संघातल्या बंधूंनी, म्हणजे अनुयायी साधूंनी, नाण्याला हात लावायचा नाही आणि संघाच्या नावेही काही ठेवायचे नाही. 1226मध्ये तो गेला आणि दोनच वर्षांत त्याच्या नावाच्या भव्य बॅसिलिकेची, म्हणजे मोठ्या चर्चची, पायाभरणी झाली. संघ वाढला, घरे आली, पुस्तके आली. मग कायदेशीर पळवाट निघाली: मालकी पोपची, बंधूंचा फक्त वापर. 1279मध्ये पोप निकोलस तिसरे यांनी तिला दुजोरा दिला. कडव्या बंधूंना हे ढोंग वाटे. धान्याची कोठारे ठेवावीत का, झगा किती आखूड असावा, यावरून वाद पेटला आणि पोपची आज्ञा मानायला नकार देणाऱ्या चौघांना 1318मध्ये मार्से इथे जाळण्यात आले. पुढे पोप जॉन बाविसावे यांनी मालकीची ती व्यवस्थाच मोडली. 1323मध्ये तर त्यांनी जाहीर केले की ख्रिस्त आणि प्रेषित यांच्या मालकीचे काहीच नव्हते असे ठासून म्हणणे पाखंड आहे. अकिंचनपणाचा आग्रह धर्मद्रोह ठरावा, यापेक्षा विचित्र वळण या इतिहासात दुसरे नसेल.

सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक ल्यूथर याने मठांची व्रते नाकारली; घरसंसार आणि रोजचे काम हीसुद्धा देवाचीच सेवा, असे तो शिकवी. अठराव्या शतकात मेथडिस्ट पंथाचे इंग्रज प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी सांगितले, होईल तेवढे कमवा, वाचवा आणि देऊन टाका. उतारवयात मात्र त्यांनी चिंतेने लिहिले की मेथडिस्ट मंडळी मेहनत आणि काटकसर यांमुळेच श्रीमंत होतात आणि पैशाबरोबर त्यांचा भक्तिभाव ओसरतो.

विसाव्या शतकात अमेरिकेतले काही प्रचारक श्रीमंती हाच देवाचा आशीर्वाद, असे सांगू लागले. लॅटिन अमेरिकेत वारे उलटे होते. 1968मध्ये कोलंबियातल्या मेडेयिन इथे जमलेल्या तिथल्या कॅथलिक बिशपांनी एका दस्तऐवजात दारिद्र्याचे तीन अर्थ वेगळे केले: माणसावर लादलेली वंचना, जी वाईटच; देवापुढची आत्म्याची नम्रता; आणि गरिबांच्या बाजूने उभे राहण्यासाठी स्वतःहून पत्करलेला साधेपणा.