न्यूट्रल आणि अर्थिंग: गोठ्यावर लाईट नेताना

घरापासून दीडशे फुटांवर गोठा. वायरमन फेज आणि न्यूट्रल अशा दोनच तारा ओढतो, बल्ब लागतो, कडबाकुट्टी फिरते. तिसरी, अर्थिंगची हिरवी तार कुठंय विचारलं, तर उत्तर येतं, "डीपीवर दोन्ही एकच राहतं ना भो!"

डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, ते खरं आहे. ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल तिथे जमिनीत उतरवलेला असतो. पण पुढे दोघांची कामं वेगळी. न्यूट्रलमधून करंट परत जातो, मोटार चालू असेतोवर ती काळी तार राबते. हिरवी तार एरवी रिकामी; यंत्राच्या बॉडीला फेज चिकटला तरच तिचं काम.

म्हणून न्यूट्रलच बॉडीला जोडणं जीवघेणं आहे. केळीच्या ट्रॅक्टरने ओढून न्यूट्रल वाटेत तुटला, तर फेज बल्बमधून उलटा येऊन कडबाकुट्टीवर बसतो. बल्ब विझलेला, माणूस म्हणतो लाईट गेली, आणि हात लावतो.

उलटी चूक आमच्याच गोठ्यात होती. फेजची एकच तार, बल्बचं दुसरं टोक जमिनीतल्या सळईला. म्हणजे अर्थिंगलाच न्यूट्रल केलेलं. गाय लोखंडी हौदाला ओठ टेकवायची आणि झटक्याने मान मागे घ्यायची. आम्ही दोन दिवस तिला औषध पाजलं. सळई हौदालगतच होती. गुरांच्या पुढच्या-मागच्या खुरांत अंतर मोठं, त्यामुळे जमिनीतला करंट माणसाआधी त्यांना लागतो.

बरं, सळई ठोकली म्हणजे झालं असंही नाही. मातीचा अडथळा 10 ओहम धरला तर फेज बॉडीला चिकटल्यावर 230 व्होल्टवर 23 अँपिअरच वाहतील. 32 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट वाहिला की पडणारा स्विच, ढिम्म राहील. त्यात आपली काळी जमीन मे महिन्यात भेगाळते, सळईपासून सुटते, अडथळा आणखी वाढतो. सळईच्या खड्ड्यात पाणी घालत राहावं, पण भरवसा 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरच, म्हणजे करंटची गळती झाली की लाईट तोडणाऱ्या स्विचवर. तो सारखा पडतो म्हणून काढून टाकणारे मी पाहिलेत. पुष्कळदा गोठ्यात कुणीतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडलेला असतो. तो जोड आधी शोधा.

गोठ्यावर सिंगल फेज नेताना तारा तीन. हिरवी तार घरच्या अर्थिंगपासून यावी, गोठ्याची सळई तिलाच जोडावी, हौद आणि लोखंडी खांबही. न्यूट्रलची पट्टी मात्र बोर्डात अलग. आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा.