फोनवर ‘नो सर्व्हिस’ दिसल्यास रीसेट करण्यापूर्वी : इंटरनेट फोनच्या प्रमाणपत्राविषयी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सन्माननीय ग्राहक,

आम्ही बसवून दिलेला प्रत्येक इंटरनेट फोन कॉल जोडणाऱ्या आमच्या सर्व्हरशी जोडला जाताना पासवर्डाबरोबर स्वतःचे प्रमाणपत्रही (ओळख पटवणारी संगणकीय फाइल) सादर करतो, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. तरीही आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी सर्वाधिक वेळ खाणारी तक्रार आजही एकच आहे. पडद्यावर ‘नो सर्व्हिस’ दिसते, कार्यालयातील कोणीतरी ‘ओके’चे बटण दहा सेकंद दाबून धरतो, फोन फॅक्टरी रीसेट होतो, म्हणजे कारखान्यातून आला त्या स्थितीत जातो, आणि त्यानंतर आपण काहीही केले तरी तो सुरू होत नाही. मूळ बिघाड बहुधा पाच मिनिटांत दुरुस्त होण्याजोगा असतो. रीसेटनंतर मात्र त्याच कामाला अर्धा दिवस लागतो, आणि फोन परगावच्या शाखेत असेल तर त्याहून अधिक. हे पत्रक त्यासाठीच काढले आहे.

फोन आणि सर्व्हर यांच्यातील जोडणी ५०६१ या पोर्टवरून (नेटवर्कवरील क्रमांकित दारातून), टीएलएस या सुरक्षित पद्धतीने, सांकेतिक स्वरूपात होते. या वेळी ओळखपरेड दोन्ही बाजूंनी होते. सर्व्हर आपले प्रमाणपत्र दाखवतो आणि फोन ते तपासतो. मग फोन आपले दाखवतो आणि सर्व्हर ते तपासतो. फोनच्या प्रमाणपत्रावर त्याच्या पाठीमागील स्टिकरवर छापलेला मॅक क्रमांक (प्रत्येक उपकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असतो आणि आमच्या सर्व्हरवर त्या मॅक क्रमांकाची सांगड एकाच एक्स्टेन्शनशी घातलेली असते. त्यामुळे दोन टेबलांवरील फोनांची अदलाबदल केली, तर एक्स्टेन्शनही फोनबरोबर जाते. फोनच्या मेनूत शिरून एक्स्टेन्शनचा आकडा बदलला, तर पासवर्ड बरोबर असूनही सर्व्हर नकार देतो. ही त्रुटी नसून तशीच रचना आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे आम्हाला वारंवार विचारले जाते. केवळ पासवर्डावर चालणारा सर्व्हर ५०६० पोर्टवर उघडा ठेवला, की जगभरातून स्वयंचलित प्रोग्राम १००, १०१, १०२ असे एक्स्टेन्शन क्रमांक आणि सोपे पासवर्ड एकामागून एक लावून पाहू लागतात. एक पासवर्ड जुळला, की शनिवार-रविवारी, कार्यालय बंद असताना, परदेशांतील महागड्या क्रमांकांवर तासन् तास कॉल होतात आणि बिल आपल्या नावावर येते. आमच्या एका ग्राहकाला, प्रमाणपत्राची पद्धत सुरू करण्यापूर्वी, हा अनुभव आला आहे. सोमवारी सकाळी कॉलची यादी छापून काढताना त्यांच्या हिशेबनिसांचा उतरलेला चेहरा आम्ही विसरलेलो नाही. प्रमाणपत्राशिवाय येणाऱ्या जोडणीला आमचा सर्व्हर एक्स्टेन्शन किंवा पासवर्ड विचारण्याच्या आधीच दाराबाहेर थांबवतो. पासवर्ड फुटला, तरी त्याचा उपयोग त्या विशिष्ट फोनखेरीज कोठेही होत नाही.

पहिल्यांदा पाहावी ती तारीख

‘नो सर्व्हिस’ दिसल्यावर सर्वांत आधी फोनच्या पडद्यावरील तारीख वाचावी, ही आमची कळकळीची विनंती आहे. प्रमाणपत्राला आरंभाची आणि समाप्तीची तारीख असते आणि फोन सर्व्हरचे प्रमाणपत्र स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ मागे पडलेले असेल, तर सर्व्हरचे प्रमाणपत्र ‘अद्याप लागू झालेले नाही’ असे समजून फोन स्वतःच जोडणी तोडतो. टेबलावरील बहुतेक फोनांत घड्याळासाठी वेगळी बॅटरी नसते. वीज आली की फोन इंटरनेटवरील वेळेच्या सर्व्हरला विचारून आपले घड्याळ लावतो. ही विचारणा यूडीपी १२३ या पोर्टवरून होते. राउटर किंवा फायरवॉल (नेटवर्कवरील ये-जा तपासणारी सुरक्षा यंत्रणा) बदलताना ते पोर्ट बंद राहिले, तर फोनला वेळ मिळत नाही आणि तो आपल्या मूळ तारखेवरच अडकून राहतो.

यातील फसवी बाब अशी, की राउटर बदलल्याच्या दिवशी काहीही बिघडत नाही. शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत दिवाळीच्या सुट्टीत नवा राउटर बसवला गेला. फोन चालूच असल्याने त्यांचे घड्याळही चालू होते आणि आठवडाभर सर्व काही सुरळीत होते. त्यानंतर एका सकाळी वीज गेली. ती परत आली तेव्हा सर्व फोनांच्या पडद्यावर १ जानेवारी १९७० आणि वेळ पहाटे साडेपाच अशी दिसत होती. संगणकीय घड्याळाची गणना जागतिक वेळेनुसार १९७० च्या आरंभापासून होते आणि भारतीय वेळ त्यापुढे साडेपाच तास असल्याने नेमके साडेपाच दिसतात. तेथील गृहस्थांनी एकामागून एक चार फोन रीसेट केले आणि मग आम्हाला कळवले. न रीसेट केलेले फोन आम्ही राउटरवरील एक नियम बदलून दहा मिनिटांत सुरू केले. त्या चार फोनांना संध्याकाळ झाली.

तारीख चुकीची दिसल्यास मेनूतील दिनांक व वेळेच्या पर्यायात जाऊन ती हाताने बरोबर लावावी. फोन बहुधा लगेच जोडला जातो. हा तात्पुरता उपाय आहे. कायमचा उपाय राउटरवर यूडीपी १२३ बाहेर जाण्यास मोकळे ठेवणे हाच होय. आम्ही फोनांना नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा वेळ-सर्व्हर दिलेला असतो.

तारीख बरोबर असूनही सर्वच फोन एकदम बंद पडले असतील, तर नव्या फायरवॉलमधील एसएसएल तपासणीचा (सांकेतिक जोडणी मध्येच उघडून पाहण्याचा) पर्याय चालू आहे का, हे आपल्या नेटवर्कवाल्यांना विचारावे. अशी फायरवॉल मध्ये उभी राहून सर्व्हरच्या जागी स्वतःचे प्रमाणपत्र पुढे करते. फोन ते मान्य करत नाही आणि करूही नये. फोनची खासगी किल्ली (प्रमाणपत्र आपलेच असल्याचे सिद्ध करणारा गुप्त संगणकीय संकेत) फायरवॉलकडे नसल्यामुळे ती फोनच्या वतीने सर्व्हरला ओळखही पटवू शकत नाही. आमच्या सर्व्हरचा पत्ता त्या तपासणीतून वगळणे एवढेच पुरेसे असते.

रीसेटनंतर आम्हाला वेळ का लागतो

फॅक्टरी रीसेटमुळे आमचे प्रमाणपत्र आणि त्याची खासगी किल्ली फोनमधून पुसली जाते. शिवाय तारीख चुकीची असताना रीसेट केल्यास नवे प्रमाणपत्र देणाऱ्या सर्व्हरशीही फोन जोडला जात नाही, म्हणजे एकाऐवजी दोन दारे बंद होतात. प्रमाणपत्राची फाइल व्हॉट्सॲपवर पाठवा, अशी मागणी अनेकजण सद्भावनेने करतात. परंतु त्या फाइलमध्ये खासगी किल्ली असते आणि ती ज्याच्या हाती आहे तो आपला फोन म्हणून सर्व्हरपुढे उभा राहू शकतो. म्हणून आम्ही ती कोणालाही, आपल्यालादेखील, पाठवत नाही.

फोनमध्ये उत्पादक कंपनीचे प्रमाणपत्र आधीपासून असते, मग रीसेटनंतर फोन आपोआप का नोंदला जात नाही, हा प्रश्न जाणकार ग्राहक विचारतात आणि तो रास्त आहे. पहिल्या नोंदणीसाठी आम्ही त्याच प्रमाणपत्राचा आधार घेतो, मात्र नोंदणी झाली की ती वाट बंद करतो. ती उघडी ठेवली, तर चोरीला गेलेला फोन चोराने रीसेट केल्यावर पुन्हा आपल्याच एक्स्टेन्शनवर हजर होईल. त्यामुळे फोन खरोखर आपल्याच ताब्यात असल्याची खात्री करारातील नोंदीत असलेल्या व्यक्तीकडून करून घेतल्यावरच आमचा माणूस ती वाट तेवढ्यापुरती उघडतो. वेळ या खात्रीला लागतो आणि ती टाळावी असे आम्हाला वाटत नाही.

प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षांची असून संपण्यापूर्वी महिनाभर नूतनीकरण आपोआप होते. त्यासाठी फोन त्या काळात चालू असावा लागतो. कपाटात ठेवलेला जादा फोनही त्या महिन्यात एक दिवस लावून ठेवावा.

वार्षिक देखभाल करारात दोन फोनांची पुनर्नोंदणी विनाशुल्क आहे. राउटर, फायरवॉल किंवा इंटरनेट कंपनी बदलण्यापूर्वी दोन दिवस आधी कळवल्यास आवश्यक पोर्टची तपासणी आम्ही करार नसलेल्या ग्राहकांनाही मोफत करून देतो. तक्रार नोंदवताना फोनच्या स्टिकरवरील मॅक क्रमांकाची शेवटची चार अक्षरे, पडद्यावरील तारीख आणि वीज शेवटची केव्हा गेली होती, एवढे तयार ठेवावे.