पातेलं केवढं घ्यायचं ते शेगडीला विचारा

गेल्या हिवाळ्यात इथे इंग्लंडमध्ये माझ्या एका मित्राने घरी बिअर करायची म्हणून तीस लिटरचं स्टीलचं पातेलं आणलं. कृती 23 लिटरची, जुन्या मापाने पाच गॅलनची होती. इलेक्ट्रिक शेगडीच्या मोठ्या प्लेटवर 27 लिटर पाणी चढवलं, झाकण उघडंच ठेवलं. तीन तासांनी थर्मामीटर 94 अंशांवर येऊन अडला, तो पुढे सरकेचना. त्याला वाटलं प्लेट बिघडली. प्लेट ठणठणीत होती. चूक पातेल्याच्या मापात होती.

गणित शाळेतलंच आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे 4.2 किलोजूल उष्णता लागते. शेगडीची मोठी प्लेट साधारण 1.8 किलोवॅटची असते आणि त्यातली 1.2 किलोवॅट पाण्यापर्यंत पोचते असं धरू. म्हणजे सेकंदाला 1.2 किलोजूल. सहा लिटर पाणी 20 अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला अठ्ठावीस मिनिटं पुरतात. 27 लिटरला दोन तासांहून जास्त लागतात, तेही वाटेत काहीच उष्णता वाया जात नाही असं मानलं तर.

पण ती वाया जाते, आणि गंमत इथेच आहे. पाणी तापत जातं तसं त्याच्या उघड्या पृष्ठभागावरून बाष्पीभवन वाढतं, आणि ते सरळ रेषेत वाढत नाही. ऐंशी अंशांनंतर ते झपाट्याने चढतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण 2,257 किलोजूल लागतात, म्हणजे तेवढंच पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला लागणाऱ्या उष्णतेच्या पाचपटीहून जास्त. शिवाय पातेल्याच्या बाजूही खोलीत उष्णता सोडत असतात. खालून येणारी आणि वरून-बाजूंनी जाणारी उष्णता जिथे समसमान होते, तिथे तापमान थांबतं. मित्राच्या पातेल्याचं तोंड 36 सेंटिमीटर रुंद होतं, माझ्याचं 24. क्षेत्रफळात हा फरक सव्वादोन पटींचा पडतो, आणि शेगडी मात्र दोघांची सारखीच.

झाकण घालून उकळी आणता येते, पण झाकून उकळत ठेवता येत नाही. मोड आणून वाळवलेल्या सातूत, म्हणजे माल्टमध्ये, एक गंधकयुक्त द्रव्य असतं. उकळताना त्यातून डायमिथाइल सल्फाइड सुटतं. त्याला उकडलेल्या मक्यासारखा वास येतो आणि ते वाफेबरोबर निघून जायला हवं. त्यामुळे तासभर उघडं, खळखळ उकळणं आलंच.

म्हणून माझं ठाम मत: घरच्या शेगडीवर एक गॅलन, म्हणजे साडेचार लिटरचा घाणा करावा आणि त्यासाठी दहा लिटरचं जाड बुडाचं पातेलं घ्यावं. सात लिटर पाणी, सव्वा किलोच्या आतबाहेर माल्ट आणि एक बारीक जाळीची पिशवी. चक्का टांगतो तशी ती पिशवी शेवटी उचलून निथळवायची. इंडक्शन असेल तर बुडाला चुंबक चिकटतो का ते बघा. चुंबक चिकटला नाही की स्टील उत्तम, हे ऐकत आपण मोठे झालो, पण इंडक्शनला चिकटणारंच बूड लागतं.

लहान पातेल्याची एक अडचण आहे. उकळण्याआधी माल्ट तासभर 66 अंशांच्या आसपास भिजवावं लागतं. त्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, या काळात पिठुळाची (स्टार्चची) साखर करतात. त्यांपैकी बीटा-अमायलेज साठ ते पासष्ट अंशांत खूश असतं, अल्फा-अमायलेज सत्तरच्या आसपास. मधला आकडा दोघांना चालतो. पण घनफळाच्या मानाने लहान पातेल्याचा पृष्ठभाग जास्त, त्यामुळे उघड्यावर अर्ध्या तासात पाच-सहा अंश उतरतात. उपाय आईने थंडीत दही लावताना केलेलाच: झाकण घालून जाड दुलईत गुंडाळा.

म्हणून पैसे थर्मामीटरवर खर्च करा. ऊर्जेच्या एककाला ज्याचं नाव आहे तो जेम्स जूल 1818 साली सॉलफर्डमधल्या एका ब्रुअरीवाल्याच्या घरी जन्मला आणि स्वतःही त्या धंद्यात होता. 1840 च्या दशकात त्याने यांत्रिक काम आणि उष्णता यांचं नातं मोजलं, ते तापमानातले अगदी बारीक फरक वाचूनच. चकचकीत स्वयंचलित यंत्रांच्या जाहिरातींपेक्षा ही परंपरा मला जास्त भरवशाची वाटते.

घरी फोनवर सांगितलं की हमखास ऐकू येतं, ‘आंधळा होशील!’ 2015 साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन. सातू आंबवून केलेल्या बिअरमध्ये डोळे जातील इतकं मिथेनॉल तयारच होत नाही, आणि इथे हातभट्टीसारखं काही गाळायचंही नसतं. ब्रिटनमध्ये स्वतःपुरती बिअर करायला 1963 पासून परवाना लागत नाही. महाराष्ट्रात मात्र 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय ती करता येत नाही, हे लक्षात असू द्या.

खरा धोका दाबाचा. 400 ग्रॅम साखर आंबली की शंभर लिटरच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणून आंबवायच्या बरणीला एअरलॉक, म्हणजे वायू बाहेर सोडणारं पण हवा आत न घेणारं बूच, हवंच, आणि फेसासाठी वर जागाही हवी. बाटलीत भरताना बुडबुडे यावेत म्हणून लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर घालतात, त्याहून जास्त नाही. पहिल्या घाण्याला काचेऐवजी सोड्याच्या प्लॅस्टिक बाटल्या वापरा. रोज बोटांनी दाबून बघायच्या. दगडासारख्या कडक झाल्या की फ्रिजमध्ये ठेवायच्या.