पसारा डोळ्याच्या कोपऱ्यात असतो

पसाऱ्याने म्हणे कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलं जाणारं संप्रेरक, वाढतं, तेव्हा आजच घरातल्या निम्म्या वस्तू काढून टाका! असा मजकूर दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी मला पाठवतं. पाठवणाऱ्याने माझी खोली पाहिलेली असावी, अशी मला दाट शंका आहे.

या मजकुरामागचं संशोधन खरं आहे. सॅक्सबी आणि रेपेटी या दोघींनी २०१० साली ते प्रसिद्ध केलं. दोघंही कमावते असलेल्या जोडप्यांतल्या ६० जणांनी आपलं घर दाखवत त्याबद्दल बोलायचं होतं. कॉर्टिसॉल सकाळी जास्त असतं आणि रात्रीपर्यंत उतरत जातं. ज्या स्त्रियांच्या बोलण्यात पसाऱ्याचे, अर्धवट राहिलेल्या कामांचे उल्लेख जास्त होते, त्यांच्यात हा उतार कमी तीव्र आढळला. बस, इतकंच. पसाऱ्यामुळे ताण आला, की ताणात असलेल्या बाईला पसारा जास्त खुपला, हे यावरून ठरत नाही. शिवाय मोजले होते ते शब्द, वस्तू नव्हेत.

आणि वस्तू मोजूनही फारसं काही हाती लागलं नसतं. एका भिंतीवर पाचशे पुस्तकं असतात आणि खोली शांत वाटते. दुसऱ्या खोलीत मोजून वीस शोभेच्या वस्तू असतात आणि पाऊल टाकताच जीव गुदमरतो. हे असं का होतं, याचं उत्तर मला शोधायचं होतं. ते सापडलं डोळ्याच्या कोपऱ्यात.

आपल्याला समोरची सगळी खोली स्वच्छ दिसते, हा शुद्ध भ्रम आहे. हात लांब करून अंगठा उभा धरा. अंगठ्याच्या नखाएवढ्या भागातच आपली नजर खरी तीक्ष्ण असते. दृष्टिपटलाच्या मधोमध फोविया नावाचा खळगा असतो, तिथे शंकू पेशींची दाटी असते, आणि त्या नखाची प्रतिमा तिथे पडते. बाकीची खोली कडेच्या नजरेच्या वाट्याला येते. आपण सेकंदाला साधारण तीनदा नजर उडवत ही तीक्ष्ण टिकली इकडेतिकडे नेत राहतो, म्हणून फसगत कळत नाही.

कडेची नजर म्हणजे धूसर नजर, असं बहुतेकांना वाटतं. धूसर ती असतेच, पण खरी गंमत वेगळी आहे. कागद आडवा घ्या, डावीकडे एक फुली काढा. तिच्यापासून उजवीकडे ९ सेंटिमीटरवर दीडेक सेंटिमीटर उंचीचं एक अक्षर दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. दुसऱ्याकडून अशासाठी, की आपणच लिहिलेलं अक्षर ‘दिसलं’ असं मेंदू खुशाल ठोकून देतो. कागद डोळ्यांपासून अर्ध्या मीटरवर धरा आणि नजर फुलीवरून हलवू नका. अक्षर ओळखता येतं. आता दुसरं अक्षर घ्या, तितक्याच अंतरावर, पण त्याच्या दोन्ही बाजूंना अगदी खेटून आणखी एकेक अक्षर असू द्या. (शिरोरेषा जोडू नका, सगळी सुटी ठेवा.) पुन्हा फुलीकडे बघा. मधलं अक्षर गेलं! तिथे काहीतरी काळं आहे, रेघा आहेत, गोलाई आहे, पण कुठली रेघ कोणाची ते कळत नाही. शेजारची अक्षरं पाच सेंटिमीटर दूर सरकवली, की मधलं पुन्हा उमटतं. त्याचा आकार तोच, शाई तीच, अंतरही तेच. बदलला तो फक्त शेजार.

याला क्राउडिंग, म्हणजे गर्दी, म्हणतात. हर्मन बाउमा या डच संशोधकाने १९७० साली ‘नेचर’मध्ये याचा एक सोपा नियम मांडला. नजरेच्या केंद्रापासून वस्तू जितकी लांब, त्याच्या साधारण निम्म्या अंतरापर्यंत शेजारी नको. शेजारी आला की ओळख पुसली. नियमाची खुबी अशी, की निम्मं ते निम्मंच. तुम्ही मागे सरका नाहीतर पुढे या, डोळ्याशी होणारे सगळे कोन एकाच प्रमाणात बदलतात आणि गुणोत्तर जवळपास तसंच राहतं. म्हणून तो सरळ भिंतीवर फूटपट्टीने लावता येतो. तुम्ही दाराकडे बघताय आणि दारापासून एक मीटरवर फडताळात एक फुलदाणी आहे. ती फुलदाणी म्हणून कळायला तिच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर मोकळा हवा. इतकी जागा कोण सोडतं? आपण तिथे घड्याळ, तीन चौकटी, एक पेनस्टँड आणि एक छोटी कुंडी मांडतो.

हा दोष डोळ्याचा नाही, हे मला फार आवडतं. १९६३ सालीच एका प्रयोगात एका डोळ्याला फक्त ओळखायची खूण आणि दुसऱ्या डोळ्याला फक्त शेजारच्या रेघा दाखवल्या होत्या. गर्दी तरीही झाली! म्हणजे ती दृष्टिपटलावर होत नाही, दोन्ही डोळ्यांची माहिती जिथे एकत्र येते तिथे, मेंदूत, होते. मेंदूच्या मागच्या भागात दृष्टीचं पहिलं केंद्र असतं. त्यावर समोरच्या दृश्याचा नकाशा उमटतो, पण तो वेडावाकडा असतो. फोवियाच्या चिमूटभर क्षेत्राला भलीमोठी जमीन मिळते आणि कडेला जावं तशी ती आक्रसत जाते. दृष्टीचे अभ्यासक डेनिस पेली यांनी हिशेब मांडला, की बाउमाचं ‘निम्मं अंतर’ या नकाशावर कुठेही मोजलं तरी साधारण ६ मिलिमीटर येतं. बाहेर, जगात, ते अंतर कडेकडे वाढत जातं, मेंदूत ते ठरलेलं राहतं. त्याहून जवळ पडलेल्या दोन वस्तूंची माहिती एकाच टोपलीत पडते.

त्या टोपलीतून पुढे जातो तो गोषवारा. दृष्टीच्या अभ्यासक रूथ रोझेनहोल्त्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मते कडेची नजर सुट्या वस्तू पुढे पाठवतच नाही. साधारण इतक्या कडा, असा रंगांचा विखुरलेपणा, अशा तिरप्या रेघा, एवढीच सांख्यिकी ती कळवते. याच गटाने २००७ साली दृश्य पसारा मोजायची एक पद्धतही मांडली. तीत वस्तूंची संख्या मोजत नाहीत. एखाद्या जागी रंग, उजेड-अंधाराचा फरक आणि रेघांची दिशा किती विस्कळीत आहे, ते मोजतात. या पद्धतीमागची कल्पना अशी, की पसाऱ्यात नवी वस्तू ठेवली तर ती उठून दिसणं अवघड असतं. चाव्या कुठे ठेवल्या हे शोधणाऱ्याला ही व्याख्या लगेच पटेल.

आता पाचशे पुस्तकांकडे येऊ. शेजारी वाढले की गर्दी वाढते, असा आपला आतापर्यंतचा समज. तो अर्धाच खरा आहे. स्वित्झर्लंडमध्ये मायकेल हर्त्झोग यांच्या गटाला असं आढळलं, की शेजारच्या रेघा वाढवत नेल्या आणि त्यांचा आपसात एक सलग गट बनला, तर मधली रेघ उलट पुन्हा स्पष्ट होते. सारखे सारख्यांशी जुळले, वेगळा सुटा झाला. उभ्या पाठींची ओळीने लावलेली पुस्तकं म्हणजे असाच एक गट. मेंदूला त्यांचा एक गोषवारा पुरतो, आणि तो खरा ठरतो. वीस निरनिराळ्या शोभेच्या वस्तूंचा गोषवारा मात्र कशाचाच नसतो. मग नजर एकेक वस्तू तपासायला धावते आणि तपासून परतली की पुन्हा बोलावली जाते.

सजावटीच्या आणि आवराआवरीच्याही बऱ्याच सवयी इथे उघड्या पडतात. आवरायचं म्हणून आणलेले सहा आकारांचे, सहा रंगांचे डबे वस्तू लपवतात आणि कडा वाढवतात. भिंतभर विखुरलेल्या लहान चौकटी, उघडी फडताळं, ठिपक्यांच्या पडद्याशेजारी पट्ट्यांची उशी हे सगळं त्याच माळेतलं. भरलेल्या फडताळासमोर आरसा लावला तर खोली मोठी दिसेल की नाही कोण जाणे, फडताळं मात्र दोन होतात. सगळ्यात फसवं काम चिठ्ठ्यांचं. प्रत्येक डब्यावर नाव लिहून ते दर्शनी ठेवणं फार शिस्तीचं वाटतं. पण वाचता येणाऱ्या माणसाला न वाचणं जमत नाही. जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ साली दाखवलं, की निळ्या शाईत ‘लाल’ लिहिलेलं असेल आणि फक्त शाईचा रंग सांगायचा असला, तरी लिहिलेला शब्द आडवा येतोच. तीस चिठ्ठ्या म्हणजे तीस जण एकदम बोलताहेत.

‘नकारात्मक ऊर्जा’ नावाचा प्रकारही या विषयाला चिकटून आहे. ऊर्जा जूलमध्ये मोजतात, आणि कोपऱ्यातल्या जुन्या खोक्यात काही जूल असलेच तर ते पेटवल्यावर मिळतील. खोकं खुपतं त्याला कडा असतात म्हणून.

स्वतःच्या खोलीची तपासणी करायची असेल तर फोन पुरे. फोटो साठवायची जेपीईजी पद्धत चित्रातला तोचतोपणा वापरून फाइल लहान करते, म्हणजे तीही एका अर्थी गोषवाराच काढते. पसारा मोजायच्या एका पद्धतीची बैठक याच तऱ्हेच्या हिशेबावर आहे. भरदिवसा, एकाच जागेवरून, आवरण्याआधी आणि नंतर असे दोन फोटो काढा आणि फाइलींचे आकार ताडून पाहा. कमी उजेडात काढू नका, कॅमेऱ्याची खरखरच फाइल फुगवते. मी माझ्या टेबलाचे काढले. कागदांचे ढीग उचलून तिथे नवे रंगीत ट्रे मांडले होते, आणि ‘नंतर’ची फाइल ‘आधी’पेक्षा मोठी निघाली.